सायकोडायनॅमिक थेरपी: रुग्णांनी दाखवलेली वाट

सायकोडायनॅमिक थेरपी, म्हणजे मनात दडलेल्या भावना आणि जुन्या नात्यांचे ठसे बोलण्यातून उलगडणारा मानसोपचार, म्हटलं की मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड आठवतात. पण तिची पहिली पावलं रुग्णांनी टाकली, हे फारसं सांगितलं जात नाही. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम ही तरुणी डॉ. जोसेफ ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेत होती. मनात साचलेलं बोललं की त्रास निवळतो, हे दोघांच्या लक्षात आलं. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव मात्र तिनेच दिलं. (ती त्यातून पूर्ण बरी झाली, ही दंतकथा आहे, पुढेही तिला रुग्णालयात राहावं लागलं.) नंतर फ्रॉइड यांच्या एका रुग्ण महिलेने त्यांना वैतागून सुनावलं, की हे कुठून आलं, ते कुठून आलं असं सारखं विचारू नका, मला बोलू द्या. सुरुवातीला वापरलं जाणारं संमोहन हळूहळू मागे पडलं आणि मनात येईल ते न गाळता बोलण्याची पद्धत रुजली.

१९०० च्या अखेरीस एक तरुणी उपचार अर्धवट टाकून निघून गेली. दुसऱ्याच कुणावरचा राग तिने आपल्यावर काढला, हे फ्रॉइड यांना उशिरा उमगलं. जुन्या नात्यातल्या भावना थेरपिस्टकडे वळण्याला ‘ट्रान्सफरन्स’ म्हणतात. थेरपिस्टने सुट्टी घेतली की कुणी पुढच्या सेशनला उशिरा येतं, तुटक बोलतं. ‘मला सोडून जातात’ ही जुनी भीती त्या खोलीतच जागी होते. तिथेच ती ओळखता येते, शब्दांत मांडता येते. माझ्या मते या थेरपीचा जीव यातच आहे.

फ्रॉइड यांचं मूळ मनोविश्लेषण आठवड्यातले पाच-सहा दिवस चाले. ते किती जणांना झेपणार? १९४६ मध्ये शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच यांनी लवचीक, कमी काळाच्या उपचारांची बाजू मांडली. पुढे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये डेव्हिड मालन यांनी एकाच मुद्द्यावर केंद्रित अल्पकालीन थेरपी विकसित केली. आज बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक-दोनदा, समोरासमोर बसून काम चालतं.

१९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी अशा थेरपीच्या उपयोगाचा पुरावाच मागितला. ती टीका बोचरी होती, पण गरजेची होती. त्यानंतर चाचण्या झाल्या, आणि नैराश्य, चिंता व काही व्यक्तिमत्त्व विकारांत फायदा दिसला. दर नात्यात तेच भांडण, तोच दुरावा अनुभवणाऱ्यांना, कारण न कळता रितेपण जाणवणाऱ्यांना ही थेरपी विशेष उपयोगी पडते. तीव्र सायकोसिस (भास-भ्रमांमुळे वास्तवाचं भान सुटणं) असेल किंवा जिवाला धोका असेल, तर मात्र आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच जायला हवं.