रुपयाएवढी जखम, ७ मिलिमीटर खोल

"मॅडम, जखम तर रुपयाएवढीच आहे. मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला?"

मंगळवेढ्याकडच्या एका आजींचा मुलगा सोलापुरातल्या आमच्या लॅबच्या दारात उभा राहून विचारत होता. आजींच्या पोटरीवर भाजल्याचा तीसेक वर्षांपूर्वीचा व्रण. चुलीतलं जळतं लाकूड पायावर पडलं होतं. व्रण कधी फाटायचा, कधी खपली धरायचा. गेल्या वर्षभरात मात्र मधली एक जागा भरेचना, तिच्या कडा वर आल्या आणि वास यायला लागला. त्याच आठवड्यात माझ्याकडे आणखी एक नमुना आला होता. एका गृहस्थांच्या पाठीवरचा तळहाताएवढा लालसर, खवल्यांचा चट्टा. गजकर्ण समजून चार वर्षं मलम चोळलेला. दोन्हीकडे कॅन्सरच निघाला. तळहाताएवढ्या चट्ट्याची खोली शून्य. रुपयाएवढ्या जखमेची, पुढे कळलं तशी, ७ मिलिमीटर.

कातडीचा कॅन्सर केवढा पसरलाय, हे सगळे विचारतात. किती खोल गेलाय, हे क्वचितच कोणी विचारतं. रिपोर्ट हातात आला की मी तरी सगळ्यात आधी तीच ओळ वाचायला सांगेन.

कातडी समजून घ्यायला आपली ज्वारीची भाकरी पुरेशी आहे. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा अलगद सुटतो, खाली जाड भाग राहतो. कातडीचंही तसंच. वरचा पापुद्रा म्हणजे बाह्यत्वचा. अंगावर बहुतेक ठिकाणी ती साध्या कागदाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असते. पापणीवर त्याहून पातळ, तळहात-तळपायावर मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त. तिच्याखालची अंतस्त्वचा पाठीवर ४ मिलिमीटरपर्यंत जाड भरते. त्याखाली चरबी. फरक एवढाच, की भाकरीचा पापुद्रा वाफेने सुटतो आणि कातडीचा मात्र एका अतिशय पातळ पडद्याने खालच्या थराला घट्ट चिकटलेला असतो. आम्ही त्याला तळपडदा म्हणतो.

सगळा खेळ या पडद्याचा आहे. पापुद्र्यात रक्तवाहिन्या नाहीत, लसवाहिन्याही (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नाहीत. तिथे पेशी कितीही बिघडल्या, आडव्या कितीही पसरल्या, तरी शरीरात दुसरीकडे जायला त्यांना वाटच नसते. पाठीवरचा तो चट्टा असाच होता. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जॉन बोवेन यांनी १९१२ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला बोवेनचा आजार म्हणतात. पापुद्रा खालपासून वरपर्यंत वेड्यावाकड्या पेशींनी भरलेला, पण पडदा शाबूत. चट्टा पूर्ण काढला की काम झालं. पडदा फाटून पेशी खाली उतरल्या की मात्र शेजारीच रक्ताच्या आणि लसीच्या वाहिन्या, नसा. तिथून पुढचा एकेक मिलिमीटर महाग पडत जातो.

किती महाग, हे कॅन्सरच्या जातीवर ठरतं.

जगात सर्वांत जास्त आढळणारा बेसल सेल कार्सिनोमा त्यातल्या त्यात सौम्य. तो पापुद्र्याच्या तळच्या पेशींसारख्या पेशींचा बनतो आणि अंतस्त्वचेत कळ्यांसारखा लोंबतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा काळा, चकचकीत दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात. लांबच्या अवयवात तो जवळजवळ कधीच जात नाही. पण वर्षानुवर्षं सोडून दिला तर नाकाची कूर्चा (मऊ हाड), डोळ्याजवळचं हाड कुरतडतो. त्याचा एक उपप्रकार फार फसवा आहे: वरून फिकट व्रणासारखा दिसतो आणि आतून मात्र बारीक मुळ्यांसारखा, डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा कितीतरी लांब आणि खोल शिरलेला असतो. अशा वेळी थर काढत, प्रत्येक थराचा तळ आणि कडा तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत पुढे जाण्याची पद्धत अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोझ यांनी १९३० च्या दशकात सुरू केली. तिला आजही त्यांचंच नाव आहे.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. आजींचा हाच. यात खोली फार बोलते. २ मिलिमीटरच्या आत असेल तर तो लसवाहिन्यांवरच्या गाठींमध्ये (लिम्फ नोड) सहसा जात नाही. ६ च्या पुढे गेला की धोका बराच वाढतो आणि आजाराची पायरी ठरवतानाही ही ६ ची रेघ धरली जाते. पायावर असेल तर आधी जांघेत गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात आणि काट्याची जखम असेल म्हणून सोडून देतात.

सोलापूरच्या उन्हाचा दोष इथे वाटतो तेवढा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो हे खरं, पण कातडीतलं मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसतं आणि अतिनील किरण बरेचसे अडवतं. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात हा रोग म्हणूनच कमी. पण भाजल्याच्या जुन्या व्रणाला, न भरणाऱ्या जखमेला, रोज घासल्या जाणाऱ्या जागेला त्या छत्रीचा उपयोग नाही. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं काचून होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईचे विकृतीशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. बायकांमध्ये तेच परकराच्या नाडीने होतं. आधी काळा पट्टा, मग खाज, खपल्या, मग न भरणारी चीर. नाडी रुंद घ्या, रोज एकाच जागी करकचून बांधू नका, हे मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते.

तिसरा मेलॅनोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. आपल्यात तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त दिसतो. आधी तो आडवा पसरतो, मग कधीतरी खाली वळतो. इथे मिलिमीटरचे दशांश मोजावे लागतात. अमेरिकेतले विकृतीशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवलं, की गाठीची जाडी ०.७६ मिलिमीटरपेक्षा कमी असलेल्या त्यांच्या रुग्णांत रोग परतला नव्हता. आज १, २ आणि ४ मिलिमीटर या रेघांवर पायऱ्या ठरतात. बाभळीचा काटा मोडून राहिलाय म्हणून टाचेवरचा काळा डाग दोन वर्षं अंगावर काढणारी माणसं पाहिली, की जीव तुटतो.

खोली मोजतात कशी? काढलेल्या तुकड्याच्या कडांना आणि तळाला शाई लावतात, तो मेणात बसवतात आणि त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढे पातळ काप काढतात. रंगवल्यावर केंद्रकं जांभळी, बाकी गुलाबी. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बारीक पट्टी कोरलेली असते. स्क्वॅमस गाठीत मी शेजारच्या निरोगी पापुद्र्यातल्या कणमय थरापासून (पापुद्र्याच्या वरच्या बाजूचा, दाणेदार दिसणारा थर) सुरुवात करते आणि सरळ खाली सगळ्यात खोल गेलेल्या पेशीपर्यंत येते. म्हणून तुकडा खोलवरचा लागतो. वरचं खरवडून पाठवलं, तर कॅन्सर आहे एवढंच सांगता येतं. घोड्याचा केस बांधून पाडलेली किंवा चुना लावून जाळलेली 'चामखीळ' तर माझ्यापर्यंत पोचतच नाही, आणि खाली काय उरलं ते कोणालाच कळत नाही.

आजींच्या मुलालाही तीच भीती होती: "सुरी लागली की पसरतो म्हणतात." मी त्याला आत नेऊन पहिला तुकडा दाखवला. ४ मिलिमीटर खोल घेतलेला, आणि जांभळ्या पेशी थेट तळाच्या शाईपर्यंत. "म्हणजे खाली अजून आहे?" त्याने विचारलं. सुरीने पसरला नव्हता. सुरी त्याच्या तळापर्यंत पोचली नव्हती, एवढंच.

पंधरा दिवसांनी पोटरीचा मोठा तुकडा आला. चरबीत शिरलेली गाठ, खोली ७ मिलिमीटर. जांघेतल्या एका सुजलेल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी निरोगी निघाल्या. तळाची शाई आणि शेवटची बिघडलेली पेशी यांच्यात ५ मिलिमीटर स्वच्छ चरबी होती. ते अंतर मी दोनदा मोजलं, 'तळ मोकळा' असं लिहिलं आणि मंगळवेढ्याला फोन लावला.