धुऱ्याचा वाद आणि ‘मध्यस्थी’ या शब्दाचा घोळ

विदर्भातल्या खेड्यात भांडण बहुधा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून पेटतं. वखराचं एक तास इकडे सरकलं, कुणी पांदण म्हणजे शेतात जायची वाट अडवली, सामाईक विहिरीवरची पाळी चुकली. दिवाणी दावा लावला तर वर्षं जातात, तारखेच्या दिवशी मजुरी बुडते. निकाल लागून एक जिंकला तरी दोघांचा शेजार सुटत नाही. म्हणून इथे मध्यस्थी लागते.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४६च्या पंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर आलेल्या १९५८च्या कायद्यातही त्या होत्या. पुढे त्या गेल्या. पण त्या निकाल देत, दंड करत. ती मध्यस्थी नव्हे.

आजच्या पिढीला आठवते ती १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम. ग्रामसभेने समिती निवडायची, पोलीस पाटलाने सोबत राहायचं, भांडण गावातच मिटवायचं. तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस होतं. बक्षिसामुळे मिटलेल्या तंट्यांचा आकडा महत्त्वाचा झाला, काही ठिकाणी अध्यक्षपदावरूनच गट पडले, हे खरं. तरीही अबोला धरलेले दोन भाऊ समोरासमोर बसू लागले, ही या मोहिमेची मोठी कमाई मी मानतो.

खरा घोळ शब्दाचा आहे. लवाद निर्णय देतो. मध्यस्थ निर्णय देत नाही, तो दोघांना बोलतं करतो आणि तोडगा त्यांचा त्यांनाच काढू देतो. गावात मात्र मध्यस्थालाही ‘पंच’ म्हणतात आणि त्याच्याकडून निवाड्याची वाट पाहतात. हा घोळ कायद्याच्या पुस्तकातही शिरला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेचं नवं कलम ८९, दावा निकालाऐवजी समेटाने मिटवण्याबाबतचं, १ जुलै २००२पासून लागू झालं. त्यात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक तडजोड’ यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. शब्दशः वाचलं तर खुद्द न्यायालयच मध्यस्थ ठरत होतं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मसुद्यातली चूक असल्याचं सांगून व्याख्या उलट वाचायला सांगितल्या. गावात या घोळाची किंमत जास्त मोजावी लागते. जातपंचायतीचा दंड आणि वाळीत टाकणंही ‘आपसातला निवाडा’ म्हणूनच चालत होतं. त्याविरुद्ध राज्याला २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथे मध्यस्थी नसतेच.

२०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थी आली. दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तीन मध्यस्थांचं मंडळ, अशी तिची रचना. मात्र त्यातल्या करारनाम्याची दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येत नाही. मग कागदाला दम काय, हा आक्षेप रास्त आहे. पैशाच्या वादात मी लोकअदालतच सुचवेन. तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. धुऱ्याच्या वादात मात्र सक्तीपेक्षा दोघांचं मन वळणं जास्त टिकतं.

पूर्वी असा समेट तोंडीच राही. सातबारा तसाच राहायचा आणि नातवंडं पुन्हा भांडायची. २०२३च्या सलोखा योजनेने इथेच हात घातला. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. त्यावर दोघांचीही सही लागते. ती सही मिळवण्यासाठी कुणीतरी आधी दोघांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं.