साबणाचं पुस्तक घेताना कॉस्टिकचं पान उघडा

घरी साबण करायला शिकवणारी दोन पुस्तकं समोर आहेत. एक गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत वड्यांचे फोटो, कृतींची रेलचेल. दुसरं साधं, कृती जेमतेम, पण शेवटी तेलांचा एक तक्ता. दुसरं घ्या.

तेलाचा साबण होतो कॉस्टिक सोड्यामुळे, आणि तो प्रत्येक तेलाला वेगवेगळा लागतो. तक्त्यात हेच आकडे असतात: १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६ ग्रॅम. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या (तेल ज्यांचं बनलेलं असतं त्या आम्लांच्या) साखळ्या आखूड. त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणू जास्त भरतात आणि कॉस्टिकही जास्त खातात. ५०० ग्रॅम खोबरेलाला ९१.५ ग्रॅम झालं. वडीत थोडं तेल साबण न होता मोकळं राहावं म्हणून सहसा ५ टक्के कमी करतात, म्हणजे ८७ ग्रॅम. आता खोबरेल संपलं म्हणून कुणी त्याच कृतीत शेंगदाणा तेल ओतलं, तर ६८ ग्रॅमच वापरलं जातं. उरलेलं १९ ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच राहतं आणि अंग भाजतं. नुसत्या कृतींच्या पुस्तकात हा धोका दिसतच नाही, तक्ता असला की पाच मिनिटांत आकडा काढता येतो. (नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो, म्हणून त्यात ५ ऐवजी २० टक्के तेल मोकळं ठेवतात. हे सांगणारा लेखक जाणकार समजावा.)

मापं कप-चमच्यांत असतील तर पुस्तक तिथेच मिटा. कॉस्टिकच्या पापड्या आणि बारीक दाणे यांचा एक चमचा सारख्या वजनाचा भरत नाही. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

मग सुरक्षिततेचं पान. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, हे ठळक हवं. नाहीतर मिश्रण एकदम उकळून अंगावर उडतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. स्टीलचं घ्यायचं. कातडीवर शिंतोडा उडाला तर व्हिनेगर लावा, असा सल्ला असेल तर ते पुस्तक नकोच. तिथे लागतं भरपूर वाहतं पाणी, किमान १५-२० मिनिटं.

फोटोंच्या पुस्तकातली एखादी कृती आवडलीच, तर तिच्यातली तेलं आणि वजनं उतरवून घ्या आणि कॉस्टिक तक्त्यावरून नव्याने काढा. छापलेला आकडा तुमच्यापेक्षा जास्त निघाला, तर ती वडी करू नका.