फुलाला सव्वाशे अंगठे, पिठ्या ढेकणाला तीन

ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या गच्चीवरच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. पांढरा, कापूस चिकटवल्यासारखा, कळ्यांच्या देठापाशी आणि कोवळ्या शेंड्यात दाटीने बसलेला, पानं आकसून गेलेली आणि कळ्या उमलायच्या आधीच गळून पडायच्या. मी फोटो काढून आमच्या बागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, नीमतेल मारून झालंय, साबणाचं पाणी मारून झालंय, आता काय करू असं विचारलं. संध्याकाळपर्यंत तीन अंगठे आले, बास. त्याच झाडाचं ताटलीएवढं लाल फूल आदल्या आठवड्यात टाकलं होतं तर त्याला सव्वाशेच्या वर अंगठे आणि बदाम आले होते.

रात्री मात्र एका काकूंचा मेसेज आला. "अगं आधी मुंग्या बघ. कुंडीखाली घर केलं असेल त्यांनी. मुंग्या आहेत तोवर कितीही फवार, परत येणार." खाली वाकून बघितलं तर खरंच, कुंडीच्या भोकातून थेट शेंड्यापर्यंत रांग. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकट पाणी बाहेर टाकतो, मुंग्यांना ते हवं असतं म्हणून त्या त्याची राखण करतात, त्याला खाणारे किडे हुसकावून लावतात, कधीकधी त्याला उचलून दुसऱ्या फांदीवरही नेऊन ठेवतात. दोन वर्षं बाग करूनही मला हे माहीत नव्हतं, त्या एका ओळीने कळलं.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की छंदाच्या गप्पांमध्ये लाइकचं बटण असावं का. प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही, कारण कौतुक आणि बक्षीस यांनी माणसाच्या आवडीचं काय होतं यावर मानसशास्त्रात पन्नासेक वर्षं काम झालंय, आणि त्यातलं बरंचसं थेट आपल्याला लागू पडतं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग 1973 सालचा, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा. त्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही पण चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र हातात दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच स्केचपेनं मोकळी ठेवली आणि लांबून बघत बसले की कोण किती वेळ रंगवतंय. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांपाशी होती! शिवाय बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना डावी वाटली होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांची आवड मात्र शाबूत राहिली.

म्हणजे घोळ बक्षिसात नाही, बक्षिसाची वाट बघण्यात आहे. मूल आधी चित्रासाठी चित्र काढत होतं, मग प्रमाणपत्रासाठी काढायला लागलं, आणि प्रमाणपत्र थांबल्यावर त्याला चित्राचं कारणच उरलं नाही. लाइकचं बटण नेमकं हेच करतं असं मला वाटतं, कारण फोटो टाकताना आपल्याला पक्कं माहीत असतं की आकडा येणार, फक्त किती ते माहीत नसतं.

आणि हे "किती" माहीत नसणं फार ताकदवान असतं. मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की प्रत्येक टोचीला दाणा दिला तर कबूतर भूक असेल तेवढंच टोचतं, पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला असा बेभरवशाने दिला तर ते टोचतच राहतं. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायनही असंच वागतं, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळतं, अपेक्षेइतकं मिळालं तर ढिम्म, आणि अपेक्षा असून मिळालं नाही तर नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन हे दाखवलं. म्हणून सव्वाशे अंगठे मिळाल्यावर पुढच्या फुलाला चाळीस आले तर वाईट वाटतं. चाळीस माणसांनी आपलं फूल आवडलं म्हणून सांगितलंय आणि आपण खट्टू होऊन बसलोय, हे मी स्वतः अनुभवलंय.

2021 मध्ये ब्योर्न लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी चार हजारांवर लोकांच्या दहा लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या. त्यात इन्स्टाग्रामवाले होते, फॅशनवाले होते आणि चक्क बागकामवालेही होते. लाइक जास्त मिळत असतील तर माणूस पुढची पोस्ट लवकर टाकतो, कमी मिळायला लागले की अंतर वाढतं, आणि हा सगळा पॅटर्न खाण्यासाठी कळ दाबणाऱ्या उंदरांच्या गणितात बऱ्यापैकी बसतो. माणसामाणसांत फरक होताच, पण एकूण कल हा.

आता पोस्ट लवकर टाकली तर बिघडलं कुठे असं कुणी म्हणेल. बिघडतं ते काय टाकतो यात. लाइक ही एक शिकवणीच आहे, ज्याला जास्त मिळतात ते आपण जास्त करायला लागतो. आमच्या ग्रुपवर हे डोळ्यांदेखत झालं. आधी लोक विचारायचे, माझ्या टोमॅटोच्या बुडाला काळा डाग का पडतोय, कढीपत्ता दोन वर्षं तेवढाच का राहिलाय, मातीत कोकोपीट किती घालायचं. हळूहळू अडेनियम आलं, बोगनवेल आली, सकाळच्या उन्हात पाणी शिंपडून काढलेले गुलाबाचे क्लोजअप आले. अपयशाचे फोटो कमी होत गेले. नवीन माणूस ग्रुपवर आला की त्याला वाटायचं सगळ्यांच्या बागा अशाच फुललेल्या असतात, फक्त आपलाच हात वाईट. बागेत शिकायला मिळतं ते मेलेल्या रोपाकडून, आणि मेलेल्या रोपाला कोण बदाम देणार?

आणखी एक गोष्ट, आकडा फक्त टाकणाऱ्याला दिसत नाही, सगळ्यांना दिसतो. यावर मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा 2006 चा प्रयोग मला फार आवडतो. अनोळखी बँडची 48 गाणी आणि चौदा हजारांवर श्रोते. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या "जगांत" वाटलं, आणि प्रत्येकाला आपापल्या जगात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय ते दिसायचं. गाणी तीच, पण आठ जगांत यशस्वी गाणी वेगवेगळी निघाली. एक गाणं एका जगात पहिलं होतं आणि दुसऱ्या जगात 40 वं. एकदम चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, एकदम वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीला कुणी काय ऐकलं त्यावर ठरलं.

2013 मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांवरच्या एक लाखावर प्रतिक्रियांमधल्या काहींना आल्याआल्या एक खोटा प्लस, म्हणजे पसंतीचं मत दिलं, एकच. पुढच्या वाचकाने प्लस द्यायची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुण सरासरी 25 टक्के जास्त निघाला. म्हणून कुणी "अंड्याची टरफलं कुंडीत टाका, टोमॅटो सडणार नाही" असं ठासून लिहिलं आणि त्याला पहिल्या पाच मिनिटांत दहा अंगठे पडले की ते ग्रुपपुरतं सत्य होऊन बसतं. टरफलं कुजून त्यातला कॅल्शियम झाडाला मिळायला खूप वेळ लागतो आणि बहुतेक वेळा अडचण पाणी कमीजास्त होण्याची असते, हे सांगणारा माणूस उशिरा येतो आणि त्याच्या मेसेजला दोन अंगठे असतात.

एवढं सगळं असूनही बटण काढून टाका असं मी सरळ म्हणणार नाही. कारण गप्प बसणंही वाईटच. मेहनतीने लिहिलेल्या मोठ्या उत्तराला काहीच प्रतिसाद नाही आला तर माणूस पुढच्या वेळी लिहीत नाही, आणि प्रत्येकाने "धन्यवाद", "छान माहिती" लिहिलं तर चाळीस मेसेजच्या ढिगात मूळ उत्तर हरवतं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 मध्ये रिअ‍ॅक्शन यायच्या आधी आपण सगळ्यांनी भोगलंय. विकिपीडियावर तर कौतुकाचा उपयोगच दिसलाय. तिथे चांगलं काम करणाऱ्याला कुणीही सहकारी "बार्नस्टार" नावाचं पदक देऊ शकतो, पैसा नाही काही नाही, नुसतं चित्र आणि चार शब्द. 2012 मध्ये मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान डी राइट यांनी सगळ्यात जास्त काम करणाऱ्या संपादकांमधले दोनशे निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे शंभर जणांना ते दिलं. पुढच्या काळात त्यांचं काम पदक न मिळालेल्यांच्या तुलनेत 60 टक्के जास्त भरलं.

मग बालवाडीत निम्मं आणि विकिपीडियावर दीडपट असं कसं? मला वाटतं उत्तर त्या दुसऱ्या गटातल्या मुलांपाशी आहे. बार्नस्टार अचानक येतो, एका माणसाकडून येतो आणि कशासाठी ते सांगून येतो. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्येच पाहिलं होतं की कोडी सोडवायचे पैसे दिले की विद्यार्थ्यांची आवड घटते पण तोंडी शाबासकी दिली तर घटत नाही, उलट वाढते. पुढे 1999 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असे 128 प्रयोग एकत्र करून तपासले, तरी ढोबळमानाने हेच निघालं. शाबासकीतून आपल्याला काय जमलं ते कळतं. सव्वाशे या आकड्यातून काय कळतं? फूल लाल होतं एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की आभार असावेत, आकडा नसावा. अंगठा दिला तर तो ज्याला दिला त्यालाच दिसावा, बाकीच्यांना नाही, आणि यादी आकड्यांवरून वर-खाली लावू नये. इन्स्टाग्रामने 2021 पासून आकडा लपवायची सोय दिलीच आहे, म्हणजे अशक्य काही नाही. "आवडलं" ऐवजी "करून बघितलं, उपयोग झाला" असं बटण असेल तर मी ते रोज दाबेन, कारण बागेत तेवढंच महत्त्वाचं असतं. आणि ज्याला उत्तर माहितीये त्याने अंगठा न देता दोन ओळी लिहाव्यात, ही माझी कळकळीची विनंती.

जास्वंदीचं सांगायचं राहिलं. लागलेले शेंडे छाटले, कुंडी विटांवर उचलली, विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या म्हणजे मुंग्यांना चढायला वाट नको, आणि मग नीमतेल मारलं. साधारण तीन आठवड्यांनी नवीन फुटवे आले ते स्वच्छ होते. मी काकूंना वेगळा मेसेज करून हे सगळं लिहिलं, काय काय केलं, कुठल्या क्रमाने केलं ते. त्यांनी अंगठा नाही दिला. त्यांनी विचारलं, "मुंग्या काळ्या होत्या का लाल?"