स्पीकर घेण्याआधी घरची लाइन पहा

दुकानात आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, किती वॅटचा आहे?" आम्ही उलट विचारतो, घरी लाइन किती वेळ राहते आणि नेट कुठलं आहे? निम्मा निकाल तिथंच लागतो.

घरात फायबरचं कनेक्शन आणि इन्व्हर्टर असेल, तरच वायफाय स्पीकरच्या वाटेला जा. तो गाणं राउटरवरून थेट घेतो, फोन नुसता रिमोट. त्यामुळे कोणाचा कॉल आला तरी गाणं थांबत नाही. पण यातले बरेच बोर्डाला लावूनच चालतात. लाइन गेली की राउटरही गप्प, स्पीकरही गप्प. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावता येतो, मात्र तो फोन घेऊन कोणी वावरात गेलं की गाणंही गेलं.

बाकी घरांना बॅटरीवाला ब्लूटूथ स्पीकरच बरा. पोच साधारण 10 मीटर, तीही मोकळ्या जागेत. एक काका "आवाज तुटते" म्हणून नवाकोरा पीस परत घेऊन आले. दुकानात तासभर वाजवला, एकदाही तुटला नाही. मग उलगडा झाला: स्पीकर छपरीत, फोन काकांच्या खिशात, आणि काका गोठ्यात दूध काढत. मधे मातीची जाडजूड भिंत! फोन स्पीकरजवळ ठेवला, तक्रार मिटली.

160 केबीपीएसवर (गाण्याला सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप) गाणी ऐकली तर तासाला सुमारे 72 एमबी डेटा जातो, 320 वर दुप्पट. गावात रेंज येत-जात असेल तर तालुक्याला आल्यावर गाणी डाउनलोड करून ठेवा. ब्लूटूथला स्वतःला नेट लागत नाही.

डब्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) मोठा आकडा सोडून द्या, आरएमएस (सलग वाजताना मिळणारी ताकद) वाचा. एका खोलीला 10 वॅट आरएमएस पुरतो. मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर मात करायची तर 20 घ्या. टिनाच्या घरात कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका, ठोका घुमतो आणि वरचे टिनं खडखडतात.

ऐकल्याशिवाय घेऊच नका. काउंटरवर एखादं खंजिरी भजन लावायला सांगा. खंजिरीची झणझण आणि गाणाऱ्याचा शब्द वेगवेगळा कळला पाहिजे. नुसता धमधम करणारा स्पीकर शब्द गिळतो, त्याचे लाइट कितीही चमको.

आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि एवढ्या तापलेल्या लिथियम बॅटरीला चार्जिंग सोसत नाही. उन्हातून आणलेला स्पीकर आधी सावलीत थंड होऊ द्या. खळ्यावर न्यायचा असेल तर आयपी67 लिहिलेला मागा. त्यातला 6 धुळीपासूनच्या बचावाचा, 7 पाण्यापासूनच्या.

येताना रोजची गाणी असलेला तुमचाच फोन आणा. बाजाराच्या दिवशी मात्र येऊ नका, त्या गर्दीत काही ऐकू येत नाही.