रेन्फ्रू की प्रेस्टन?

जुनी अमेरिकन नभोनाट्यं ऐकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो तो या दोघांत. दोघेही कॅनडाचे घोडदळ पोलीस, दोघेही बर्फात गुन्हेगारांचा माग काढणारे आणि दोन्ही मालिका अमेरिकेत तयार झालेल्या. तरी दोन मिनिटं ऐकलं की फरक कळतो.

इन्स्पेक्टर डग्लस रेन्फ्रू आधीचा. लॉरी यॉर्क अर्स्किन यांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांतून तो १९३६ मध्ये सीबीएस या अमेरिकन नभोवाणी जाळ्यावर आला, आवाज हाऊस जेमसनचा. सुरुवातीला पाव तासाची क्रमशः मालिका होती, प्रायोजक एक पावाची कंपनी. पुढे एनबीसीवर अर्ध्या तासाचे भाग झाले आणि १९४० मध्ये सगळं आटोपलं. त्याची खूण म्हणजे सुरुवातीला लांबवून मारलेली 'रेन्फ्रूऽऽऽ' ही हाक.

सार्जंट प्रेस्टन आला १९३८ मध्ये, डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावर. 'लोन रेंजर' आणि 'ग्रीन हॉर्नेट' या नभोमालिका याच केंद्राच्या, त्यामुळे घडणही तीच: नायकाला एक भरवशाचा सोबती आणि सुरुवातीला अभिजात संगीत (इथे रेझनिचेकच्या 'डोना डायाना' या ऑपेराची धून). १९५४ मध्ये तर खुद्द लोन रेंजरचा आवाज, ब्रेस बीमर, प्रेस्टन झाला. मालिकेचं नाव आधी 'चॅलेंज ऑफ द युकॉन' होतं, १९५१ पासून सार्जंटच्याच नावावर. पण माझ्या मते खरा नायक युकॉन किंग हा कुत्राच. चोराचा हात तो धरतो, वास तो काढतो. सार्जंट शेवटी 'प्रकरण मिटलं' म्हणायला येतो. रेन्फ्रूच्या नावाला असा कुत्रा चिकटलेला नाही.

काळही लक्षात ठेवा. प्रेस्टनच्या गोष्टी १८९६ मध्ये युकॉन प्रदेशात क्लोंडाइकला सोनं सापडल्यानंतरच्या धावपळीतल्या. म्हणून त्याचं दल 'नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस'. 'रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस' हे नाव १९२० चं. आणि डॉसन हे गाव, युकॉन हा सगळा मुलूख कॅनडातला. अमेरिकेचा अलास्का शेजारी, पण वेगळा.

प्रेस्टनचे प्रायोजक क्वेकर ओट्स. त्यांचे फुगवलेले गहू-तांदूळ, म्हणजे कुरमुऱ्यांचेच भाऊबंद. १९५५ मध्ये त्यांनी खोक्यांतून युकॉनमधल्या एक चौरस इंच जमिनीची खरेदीखतं वाटली, तब्बल दोन कोटी दहा लाख! त्यासाठी डॉसनजवळ घेतलेली जमीन १९ एकरांच्या आसपास. कर थकला आणि १९६५ मध्ये ती कॅनडा सरकारकडे गेली. बाकी होती फक्त ३७.२० डॉलर.

रेन्फ्रूची ध्वनिमुद्रणं फारच थोडी उरली आहेत, प्रेस्टनची भरपूर. तेव्हा नाव न लिहिलेली फाइल हाती आली आणि त्यात कुत्रा भुंकला, तर बेलाशक प्रेस्टन समजा.