कानाने खेळायची कबड्डी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमचा कबड्डीचा ऑडिओ गेम तुम्ही घेतला आहे किंवा घ्यायचा विचार करत आहात, म्हणून हे पत्रक. अंध खेळाडू, त्यांचे पालक आणि अंधशाळांमधले शिक्षक, सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने ते लिहिलं आहे. खेळ सुरू झाल्यावर फोनचा पडदा पूर्ण काळा राहतो. दाखवण्यासारखं त्यात काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे डोळस मूल आणि अंध मूल एकमेकांविरुद्ध बसले तर दोघांकडे सारखंच साहित्य असतं : दोन कान आणि दोन बोटं.

हा खेळ कशासाठी?

नवे ऑडिओ गेम येत नाहीत अशी कुणाची तक्रार नाही. येतात, भरपूर येतात. पण नियमित खेळणाऱ्याला विचारा. डाउनलोड केल्यावर पाच मिनिटांत त्याला कळतं की हे आपण आधी खेळलोय. तेच झोंबी, तीच बंदूक, दार उघडण्याचा तोच आवाज, आणि डावीकडून उजवीकडे चालत वाटेत येईल त्याला मारायची तीच पद्धत.

याला कारण आहे. २०१० च्या सुमारास स्वीडनमधल्या एका अंध प्रोग्रामरने, फिलिप बेनेफॉल यांनी, बीजीटी नावाचं साधन काढलं. त्याच्या जोरावर एकट्यादुकट्या माणसाला घरबसल्या ऑडिओ गेम करता येऊ लागला. हा फार मोठा उपकार होता. असे गेम करणारे बरेचजण स्वतः अंध, नोकरी-शिक्षण सांभाळून रात्री कोड लिहिणारे, आणि बहुतेक वेळा गेम फुकट देणारे. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगला पैसा नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्याच त्या साउंड लायब्ररीतले, म्हणजे तयार आवाजांच्या संग्रहातले, आवाज उचलले. एखाद्या गेमचा कोड हाती लागला की त्यात चार बदल करून नवा गेम निघायचा. आता बीजीटीच्या जागी २०२४ पासून एनव्हीजीटी हे मुक्त साधन आहे आणि ते खरोखर चांगलं आहे. पण साधन नवं आलं म्हणून कल्पना नवी येत नाही.

कल्पना नव्हत्या असंही नाही. जपानमध्ये केंजी एनो या गेम बनवणाऱ्याला कळलं की आपले गेम काही अंध माणसंही खेळतात. तेव्हा १९९७ मध्ये त्यांनी सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेम खेळायच्या यंत्रासाठी चित्रच नसलेला ‘रिअल साउंड’ हा गेम काढला, आणि सेगाने अंध व्यक्तींना १००० सॅटर्न यंत्रं द्यावीत अशी मागणी कंपनीकडे केली. लंडनमधून २०१० मध्ये आलेल्या ‘पापा सांग्रे’त आयफोनच्या पडद्याचा खालचा भाग म्हणजे तुमचे दोन पाय. डावा-उजवा अंगठा आळीपाळीने टेकवत अंधारात चालायचं. घाई केली की अडखळून पडायचं, आणि पडल्याच्या आवाजाने राक्षस जागा व्हायचा. चालणं या साध्या गोष्टीत केवढी भीती भरली होती त्यांनी! कॅनडातल्या ‘द वेल’मध्ये (२०२१) नायिकाच अंध आहे, आणि वार कुठून येतोय हे ऐकून ढाल त्या बाजूला धरावी लागते.

मोठ्या कंपन्याही आता जाग्या झाल्या आहेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये (२०२०) साठाहून जास्त सुगम्यता-सेटिंग, म्हणजे दिव्यांग खेळाडूंना खेळता यावं म्हणून दिलेले पर्याय, आहेत. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध खेळाडूला आवाजाच्या खुणांवर शर्यतीची गाडी चालवता येते. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तरी ते गेम मुळात डोळ्यांसाठी रचलेले आहेत आणि नंतर कानांपर्यंत पोचवले आहेत. आम्हाला असा खेळ हवा होता, ज्याचा नियमच आवाजातून येतो. कबड्डी तशी आहे. चढाई करणाऱ्याने दम घुमवत राहिलंच पाहिजे, तो स्पष्ट ऐकू आलाच पाहिजे, आणि दम तुटला तर चढाई करणारा बाद. असा नियम आपल्या मातीत तयार असताना झोंबी कशाला आणायचे?

पकड करताना

समोरचा चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आत येतो. हा एकच आवाज तुम्हाला बऱ्याच गोष्टी सांगतो. दोन कानांमधल्या फरकावरून तो कुठल्या बाजूला आहे ते कळतं. डावीकडचा आवाज उजव्या कानात जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो, पण तेवढा फरक मेंदूला पुरतो. जवळ आला की आवाज मोठा आणि धारदार होतो. दम संपत आला की शब्द आखूड होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या आवाजातला तीक्ष्ण भाग तोंडासमोर जातो, पाठीमागे फारसा पोचत नाही. चढाईपटूने मध्यरेषेकडे तोंड फिरवलं की त्याचा दम एकदम बोथट ऐकू येतो. पकडीची वेळ तीच. ती ओळखायला दोन-तीन सामने जातील. नंतर हात आपोआप जातो.

चढाई करताना

एक बोट पडद्यावर टेकवून ठेवायचं. ते टेकलेलं असेपर्यंत तुमचा दम चालू. बोट उचललं, दम तुटला, चढाई संपली. चढाईला तीस सेकंद मिळतात आणि मध्यरेषेपलीकडची निदानरेषा ओलांडावीच लागते. दुसऱ्या बोटाने पुढे-मागे सरकायचं आणि वळायचं.

खरी मेख पुढे आहे. तुमच्याच दमाखाली बचावपटूंची पावलं झाकली जातात. टेकवलेलं बोट खाली सरकवलं तर दम हळू होतो आणि पावलं ऐकू येतात : उजवा कोपरारक्षक मागून येतोय, डावीकडे दोघांनी साखळी धरली आहे. पण फार हळू केलात तर पंच ताकीद देतो. ऐकायचं की घुमायचं, हा निर्णय प्रत्येक चढाईत तुम्हालाच घ्यायचा आहे. आमच्या मते हा या खेळाचा जीव आहे, आणि बनवताना सगळ्यात जास्त वेळ आम्ही यालाच दिला.

एखादा आवाज समोरून आहे की मागून, हे हेडफोनमध्ये ओळखणं अवघड जातं. प्रत्येकाच्या कानाच्या पाळीची घडण वेगळी असते आणि सॉफ्टवेअर सरासरी कान धरून चालतं. शंका आली की किंचित वळा. समोरचा आवाज एका बाजूला सरकेल, मागचा उलट्या बाजूला.

आवाज कुठले वापरले

तयार लायब्ररीतला एकही नाही. मातीच्या मैदानावर अनवाणी पाऊल घासत जातं, मॅटवर बूट चिरकतो. दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड केलं आहे, आणि खेळतानाही मैदान बदललं की अंतर ओळखायची सवय थोडी बदलावी लागते. मातीवरचे सामने गावच्या जत्रेतले आहेत, तिथे गुण सांगायला कर्ण्यावरून बोलणारा समालोचक आहे.

मध्यरेषा कुठे आहे हे सांगायला बीप ठेवलेली नाही. बीप उपयोगी असते, यात वाद नाही. मुंबईत लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे ती वाजत असते आणि रोज कितीतरी जणांना वाट दाखवते. पण खेळात जिथेतिथे बीप लावली की खेळाडू नुसता तिच्यामागे चालत राहतो, ऐकायचं सोडून देतो. आमच्या खेळात तुमच्याच संघातले गडी मध्यरेषेपलीकडून ओरडत असतात. त्या ओरडण्याकडे धाव घेतलीत की घरी पोचलात.

चढाई चालू असताना खेळ एक शब्दही बोलत नाही. बोलणं आणि दम एकाच पट्टीत येतात, एक दुसऱ्याला झाकतो. गुण, उरलेला वेळ, बाद झालेले गडी, हे सगळं दोन चढायांच्या मध्ये मराठीत सांगितलं जातं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) भरधाव ऐकायची सवय असलेल्यांना हे संथ वाटेल. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवावा.

सुरू करण्याआधी

हेडफोन वायरचे वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून जास्त मागे पडतो, आणि पकडीची वेळ तेवढ्यात निघून जाते. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागेल. डावा-उजवा नीट लावलाय ना, ते पहिल्या पडताळणीत खेळच विचारतो. एकच हेडफोन दोघांनी वाटून घेऊ नका, एका कानाने दिशा कळत नाही.

फोनमध्ये डॉल्बी किंवा ‘थ्री-डी साउंड’ चालू असेल तर बंद करा. आम्ही रचलेल्या दिशांवर फोन पुन्हा आपली दिशा चढवतो आणि सगळं धूसर होतं.

अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर स्पर्श स्वतःकडे घेतो, म्हणून सामना सुरू करताना आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून तो थांबवा. संपल्यावर तसंच करून चालू करा. हा शॉर्टकट तुमच्या फोनवर आधी सेट असावा लागतो. आयफोनवर तिथला स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, बंद करायची गरज नाही.

एका कानाने कमी ऐकू येत असेल तर सेटिंगमध्ये ‘एक कान’ निवडा. मग दिशा स्वराच्या उंचीवरून कळते. हा पर्याय आम्ही नंतर जोडलेला नाही, सुरुवातीपासून तोलून ठेवला आहे, त्यामुळे तो निवडला म्हणून सामना सोपा किंवा अवघड होत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना : वर्गात खेळवायचं असेल तर आधी मुलांना खरं मैदान पायाने मोजू द्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. ज्या मुलाला ती लांबी पायांना माहीत आहे, त्याला हेडफोनमधलं मैदान लगेच उमगतं.

तुमच्याकडून हवं आहे

खेळताना जे खटकलं ते आम्हाला व्हॉइस मेसेजने कळवा. नंबर पाकिटावर छापील आणि ब्रेल दोन्हींत आहे. त्याहून जास्त आम्हाला तुमच्या कल्पना हव्या आहेत. कुठला खेळ, कुठलं काम, कुठली जागा तुम्ही कानाने पुरती ओळखता, ते सांगा. ज्यांची कल्पना वापरू त्यांचं नाव श्रेयात येईल आणि मानधनही मिळेल.

सध्या आम्ही एसटीच्या कंडक्टरवर काम करतो आहोत : गर्दीतून कोण कुठलं तिकीट मागतंय ते ओळखायचं, एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. जुन्या गाडीतल्या दोरीच्या घंटीचं स्वच्छ रेकॉर्डिंग कुणाकडे असेल, किंवा अशी गाडी कुठे उभी आहे हे माहीत असेल, तर त्याच नंबरवर कळवा.